अष्टमीचे बोंबील

माझ्या मोठ्या दिरांना जन्मठेप झाली त्याला बरीच वर्षं लोटली, पण शिक्षा नेमकी झाली कोणाला हे मला अजून कळलेलं नाही. ते आत बसून हुकूम सोडतात आणि मी बाहेर धावते. जेलात त्यांचं वजन वाढलं आणि इथे माझं उतरलं, यावरून काय ते समजा.

भेटीच्या खोलीत काचेपलीकडे येऊन बसायचं, फोन कानाला लावायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला. "होडी कुठं हाय?" कशी आहेस, गाडीत जागा मिळाली का, काही नाही. मी घिवलीहून पहाटे निघून, बोईसरला गाडी पकडून, जेलच्या दारात ताटकळून, बॅग तपासून घेऊन आत पोचलेली असायची. तोंडाला फेस आलेला. आणि हे विचारणार, "होडी कुठं हाय?" आईची चौकशी सगळ्यात शेवटी, वेळ संपल्याची घंटा झाल्यावर, उठता उठता. "आय जेवते ना?" मी मान हलवेपर्यंत पाठ फिरलेली.

मी मूळची सांगलीकडची. वडील वीज केंद्रात नोकरीला, म्हणून वाढले इथे वसाहतीत. समुद्र रोज पाहिला, पण लांबून. घिवलीच्या मच्छीमार घरात लग्न करून गेले तेव्हा मला पापलेट आणि हलवा यातला फरक कळत नव्हता. भाऊजींनी पहिल्याच दिवशी माझं नाव 'घाटावरची' ठेवलं, ते आजतागायत. आमचे हे बोईसरच्या कारखान्यात मशीनवर असतात. कोळ्याच्या पोटी जन्मून यांना काठाला बांधलेल्या होडीतसुद्धा ओकारी येते. त्यामुळे होडी भाऊजींची. ते तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. त्यांनी सांगितलं की जाळं पाण्यात जाणार, त्यांनी सांगितलं की वर येणार. लग्न त्यांनी केलंच नाही. लोक म्हणायचे, होडी आहे ना घरात, दुसरी कशाला!

गुन्हा केला की नाही, असं मला पुष्कळ जण आडून आडून विचारतात. केला. आमच्याकडे डोल नावाचं पिशवीसारखं जाळं असतं, ते समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात. खुंटाची जागा ज्याची त्याची पिढीजात. त्या जागेवरून शेजारच्या होडीशी भांडण पेटलं, भाऊजींनी वल्हं उचललं आणि समोरच्याच्या डोक्यात घातलं. माणूस पाण्यात पडला तो जिवंत वर आला नाही. त्याची बायको आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते. मी तिच्या दारावरून जाताना आजही मान खाली घालून जाते. भाऊजींनी कोर्टात एका शब्दाने नाकारलं नाही. वकिलाने मात्र जीव तोडून नाकारलं, आणि त्या वकिलापायी होडी गेली. डहाणूकडच्या एका माणसाने ती नेली. किनाऱ्यावरून तिला ओढत नेताना सासूबाई घराचं दार लावून आत बसल्या होत्या.

हे भाऊजींना कोणी सांगायचं? आमचे हे म्हणाले, "तू सांग, तुझं ते ऐकतात." वा रे वा! हे स्वतः जेलच्या दारापर्यंत एकदाच आले होते. भावाला काचेआड बघून बाहेर जे रडत बसले ते परत कधी आले नाहीत. दर भेटीच्या दिवशी यांची नेमकी फर्स्ट शिफ्ट. म्हणून मी गेले. मनाशी पाठ करत गेले होते, "भाऊजी, होडी विकावी लागली." काचेपलीकडे बसलेला माणूस बघितला. गालफडं बसलेली, डोळे खोल. दोन दिवस अन्नाला शिवले नव्हते असं तिथला शिपाई सांगत होता. त्यांनी फोन उचलला आणि विचारलं, "होडी कुठं हाय?"

"काठावर आहे," मी म्हणाले. "झावळ्यांनी शाकारून ठेवलीय."

झालं! त्या एका वाक्याने माझ्या गळ्यात होडी बांधली गेली.

शाकारलेली होडी किती दिवस शाकारलेली ठेवणार? पुढच्या भेटीला ती पाण्यात सोडावी लागली. तिच्यावर माणसं ठेवावी लागली. आणि मग एकदा, दिवाळीनंतरच्या भेटीत, भाऊजी फार उतरलेले दिसले म्हणून मी उत्साहाच्या भरात सांगून टाकलं, "भाऊजी, काल काय बोंबील लागले म्हणून सांगू! होडी भरून. ठेवायला जागा नाही."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "काल?"

"काल."

"काल तिथी कुठली?"

"मला काय माहीत! मी काय पंचांग घेऊन फिरते?"

मग उरलेली सगळी भेट त्यांनी मला झापण्यात घालवली. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरतीओहोटीला जोर नसतो. पाण्याला ओढ नाही तर मासळी जाळ्यात शिरणार कशी? अमावस्या-पुनवेच्या उधाणाला पाणी धावतं, तेव्हा डोल लावायची. भांगात होडी काठावर, जाळी धुवायची, शिवायची, निजायचं. "समजला काय, घाटावरची? भांगात माझी होडी पाण्यात घालायची नाय. परत म्हण." मी परत म्हटलं. शेजारच्या खिडकीतली बाई नवऱ्याशी बोलायचं सोडून आमच्याकडे बघत होती. मी गाडीत बसल्यावर मनातल्या मनात त्यांना अशा शिव्या घातल्या की सांगायची सोय नाही. त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी गॅस सिलिंडरच्या तारखेऐवजी तिथ्या बघायला लागले.

तांडेलाचं प्रकरण तर त्याहून वरचढ. होडी चालवतं कोण, असं त्यांनी विचारल्यावर मी माहीमचा एक तांडेल ठेवलाय म्हणून ठोकून दिलं. आपल्या केळव्याजवळचं माहीम. लांबचा माणूस बरा, चौकशी कोण करणार! नाव विचारलं नाही, हे नशीब. पण बाकी सगळं विचारलं. उंच की बुटका, दारू पितो का, खुंटाला दोर कसा बांधतो. मी कंटाळून एकदा म्हटलं, "पितो थोडी." मग काय विचारता! पुढच्या भेटीला त्या माहीमकराचा उद्धार. त्याला काढ. काढलास का? काढला कसा नाय? जगात नसलेल्या त्या माणसाची मला इतकी दया यायला लागली की मी त्याची बाजू घेऊन भांडले. "भाऊजी, त्याला पोरंबाळं आहेत. कुठे जाईल बिचारा?"

भाऊजी विचारात पडले. "किती हायत?"

"तीन मुली."

"मग ठेव," ते म्हणाले. "पण त्याला सांग, पाण्यावर असताना थेंब घ्यायचा नाय. नायतर मी हाय."

तुम्ही कुठे आहात ते मला दिसतंय, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

एवढं मात्र कबूल केलं पाहिजे की हुकमांतले काही कामी आले. होडी खोटी होती तरी बोंबील खरे होते. घर चालवायला मी दुसऱ्यांच्या होड्यांवरून ताजे बोंबील घेऊन सुकवायला लागले होते आणि बोईसरच्या बाजारात बसत होते. सुरुवातीला माझे बोंबील वाऱ्याने खाली पडायचे, कावळ्यांची चंगळ. भाऊजींनी काचेपलीकडून दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवलं, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात कसा अडकवायचा आणि जोडी बांबूवर कशी टाकायची. फोन खाली ठेवून, दोन्ही हात वर करून, तोंडाचा आ करून. शिपाई धावत आला, त्याला वाटलं म्हाताऱ्याला फिट आली. मी पदर तोंडाला लावून हसले, आणि हसताना रडू कधी आलं ते कळलं नाही.

आणि एकदा, कशावरून कोण जाणे, एकदम म्हणाले, "तो शेजारचा खुंट हाय ना. जेच्यावरून झाला. तेथं जायचा नाय. माहीमवाल्याला सांग. ती जागा त्यांची." मी "बरं" म्हटलं. त्या दिवशी त्यांनी दुसरा हुकूम केला नाही.

आता मुख्य दुखण्याकडे येते. काही वर्षं शिक्षा भोगली की कैद्याला रजा मिळते, फर्लो म्हणतात. अर्ज करायचा, घरच्याने जामीन राहायचं, काही दिवस घरी येऊन राहायचं आणि ठाण्यात हजेरी देत जायची. आमच्या सासूबाईंचे गुडघे गेलेले, जेलपर्यंत जायची ताकद नाही. त्यांचा एकच धोशा. "माझ्या मोठ्याला एकदा दारात बघू दे, मग मी जाते." दर वर्षी मी भाऊजींना म्हणायची, अर्ज करा. आणि दर वर्षी नवीन कारण. यंदा साहेब बदललेत. यंदा बागेत भेंडी लावलीय. यंदा माझा नंबर दुसऱ्याला दिला, त्याच्या बहिणीचं लगीन हाय. मी घरी येऊन सासूबाईंना सांगायची, सरकार सोडत नाही. त्या सरकारला शिव्या द्यायच्या. सरकारने बिचाऱ्याने काही केलं नव्हतं.

खरं सांगते, ते येत नाहीत याचं मला आतून बरंही वाटायचं. आले तर पहिल्यांदा किनाऱ्यावर जाणार. आणि तिथे होडीच्या जागी काय? वाळू.

मग एकदा बाजारात माझ्यासमोर एक उत्तर भारतीय माणूस येऊन उभा राहिला. तारापूरच्या कारखान्यात नवीन लागलेला. "भाभी, आप चाचा की घाटावरची?" मी दचकले. भाऊजींच्या बरॅकमधून सुटून आला होता. बसला, चहा घेतला आणि त्याने जे सुरू केलं! "भाभी, चाचा ने हमारा जीना हराम कर दिया था. बिस्तर लगाओ तो बोलता, इधर नहीं, इधर जाल रहेगा. झाड़ू मारो तो बोलता, पहले आगे का साफ करो, फिर पीछे का. पूरी बैरक को नाव बना दिया. नया आदमी रोता था तो चाचा बोलता, रो मत, अभी भांग है, चार दिन में पानी चढ़ेगा. क्या भांग, कैसा पानी, हमको कुछ समझ में नहीं आता था. मगर चार दिन निकल जाते थे."

"आणि रजा?" मी विचारलं. "छुट्टी क्यों नहीं लेते?"

"साहब लोग तो हर साल पूछते हैं. चाचा बोलता है, मेरी बोट का सीज़न है, मैं कैसे जाऊँ?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्हाला सांगायचं जेलात काम आहे, जेलात सांगायचं घरी होडीचं काम आहे, आणि मध्ये ती म्हातारी दाराकडे डोळे लावून बसलेली! बरं, होडीच नाही. नसलेल्या होडीपायी आई मुलाला अंतरणार होती, आणि ती होडी माझ्या तोंडातून निघालेली. त्याच वर्षी पावसाळ्यात सासूबाई अंथरुणाला खिळल्या. जवळच्या पाम गावच्या डॉक्टरांनी घरी येऊन तपासलं आणि बाहेर ओट्यावर येऊन हळू आवाजात सांगितलं, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा. सासूबाईंना अधूनमधून भ्रम व्हायचा. कधी मला ओळखायच्या, कधी मला म्हणायच्या, "गो, होडी आली का बघ."

मी जेलला गेले. फोन उचलला. त्यांनी तोंड उघडायच्या आत म्हटलं, "भाऊजी, होडी नाही. तुम्ही आत गेलात त्याच वर्षी विकली. माहीमचा तांडेल नाही, त्याच्या मुली नाहीत, काही नाही. मी खोटं बोलले. मला काय बोलायचं ते बोला, पण आईंना जास्त दिवस नाहीत. अर्ज करा."

मला वाटलं, आता हा माणूस काच फोडणार. त्यांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला.

"माहीत हाय," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"अष्टमीला होडी भरून बोंबील कुनाला लागतं, घाटावरची? होडी असती तर भांगात काठावर दिसली असती तुला. तवाच समजला. त्या दिवशी लय वाईट वाटला. मग म्हटला, ही पोर एवढ्या लांबून येते, खोटा बोलायला. निदान नीट तरी बोलू दे."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला... तिथ्या पाठ करायला लावल्यात! आणि त्या तांडेलाला काढायला निघाला होतात, ते काय?"

"त्याला तू फार माजवला होतास."

"भाऊजी!" मी ओरडले. शिपायाने वळून पाहिलं. "माहीत होतं तर घरी का आला नाहीत? आई तिकडे..."

ते फोनची वायर बोटाला गुंडाळत बसले.

"हितं हाय तवर ती चालते," ते म्हणाले. "सकाळी उठलो का तिला पाण्यात घालतो. तेच्यावर दिवस जातो. घरी आलो, वाळूवर नाय बघितली, का बुडली. मग परत येऊन काय करू? अजून लय वर्षं हायत गो."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. पण मी त्यांच्यासारखीच आवाज चढवून म्हणाले, "किनाऱ्यावर जाऊ नका. कोण सांगतंय जायला? घरी या, आईपाशी बसा, आणि परत जा. पण या. नाहीतर मी ही पायरी परत चढणार नाही."

आणि अर्ज झाला. कागद पुढे सरकायला दिवाळी उलटली. सासूबाईंनी तेवढे दिवस कसे काढले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. आमचे हे जामीन राहिले, स्टेशनवर भावाला आणायलाही गेले, आणि दोघे भाऊ रिक्षाने आले. दोघांचे डोळे लाल. भाऊजी गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरले, समुद्राकडे पाठ केली आणि सरळ घरात शिरले. मान वळवली नाही. गल्लीच्या टोकाच्या त्या बाईच्या दारावरून मात्र चपला हातात घेऊन आले होते, असं मला नंतर ह्यांनी सांगितलं.

सासूबाई खाटेवर. नजर अधू झालेली, पण पावलं ओळखली. इतक्या वर्षांनी मुलगा आला तर माणूस काय म्हणेल? रडेल, मिठी मारेल. सासूबाईंनी, तो संध्याकाळी समुद्रावरून आल्यावर रोज विचारायच्या तेच विचारलं.

"आलास? काय लागला आज?"

भाऊजी दारातच थांबले. जेलात अख्ख्या बरॅकला शहाणपण शिकवणारा हा माणूस, गांगरून गेला. माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार! मग खाटेपाशी खाली बसले आणि म्हणाले, "बोंबील, आय. होडी भरून."

सासूबाईंचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला. एक, दोन, तीन. कपाळाला आठी पडली.

"मेल्या," त्या म्हणाल्या, "आज अष्टमी नाय का? भांगात कुठनं आणलेस बोंबील?"

मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं मला खोटं बोलायची शिकवणी, आणि गुरुजी पहिल्याच प्रश्नाला नापास! भाऊजी हसायला लागले. हसता हसता त्यांनी आईच्या कुशीत डोकं घातलं आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. सासूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "ऱ्हाऊ दे," म्हणत होत्या, "ऱ्हाऊ दे. उधाण येईल तवा लागतील."

रजेचे दिवस भाऊजी खाटेपासून हलले नाहीत, ठाण्याची हजेरी सोडली तर. तेवढ्यातही मी भात कसा करते, दाराला कडी कशी लावते, बोंबील कुठल्या उन्हात टाकते, सगळ्यावर सूचना. मी वैतागून बोईसरच्या बाजारात लवकर जायला लागले. सासूबाई उठून बसायला लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, आश्चर्य आहे. मी म्हटलं, त्यांनाही सूचना ऐकून राग आला असेल.

परत निघायच्या दिवशी अमावस्या होती. मी स्टेशनवर सोडायला गेले. ह्यांची अर्थात फर्स्ट शिफ्ट. गाडी यायला अवकाश होता. भाऊजी पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. काही वेळाने पुढे बघतच म्हणाले, "उधाण हाय. होडी गेली काय?"

मी त्यांच्याकडे बघितलं. गालफडं परत बसायला लागली होती.

"पहाटेच गेली," मी म्हणाले.

"तेवर कोण हाय? तो माहीमवाला नाय ना ठेवलास?"

"ठेवलाय. हल्ली दुपारपासूनच पितो. दोरही ढिले बांधतो. आणि भाऊजी, मी काही त्याला काढणार नाही. मला तीन मुली दिसतात त्याच्या. काढायचा असेल तर पुढच्या वर्षी रजेवर या आणि स्वतः काढा."

गाडी आली, भाऊजी चढले, खिडकीपाशी जागा मिळाली. गाडी हलली तसं त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि बोट उगारून ओरडले, "त्याला सांग! मी येताव!"